शेवटचा आकडा

भरमा पेंटर स्टुलावर चढून ब्लेडनं खरवडतोय
माझ्या खानावळीची पाटी.
वर कन्नड, खाली मराठी,
मधोमध आकडा, तो दोघांचाही.
'ऊटा' आणि 'जेवण' यांना हात लावायचा नाही,
ते जुनेच चालतात.

ऐंशी निघालं. खाली सत्तर.
सत्तराच्या पोटात साठ, फिकट.
मग पन्नास. ते जाड; तेव्हा रंग हात सोडून लावता यायचा,
म्हणतो भरमा.
पस्तिसातला तीन अर्धाच उरलाय.
आणि अगदी पत्र्याला टेकून, निळ्यात,
अठरा.
हे भरमाचं अक्षर नाही.
आठाची शेपटी लांब ओढायची सवय
आमच्या ह्यांची.
"थांब," म्हटलं. तो थांबला.
मग म्हटलं, "खरवड. आत कांदा जळतोय."

आकडा बदलायच्या आधी
मी पुष्कळ काही बदलून बघितलं, ओ.
आधी लिंबू गेलं. कुणी विचारलं नाही.
पापड 'वेगळे पाच' झाला.
भात असायचा इथल्याच शेतातल्या बासमतीचा,
शिजला की अख्ख्या वडगावाला कळायचं;
आताचा शिजतो, कळत नाही.
मग एक दिवस आमटीची पळी बदलली.
मुद्दाम जुनीसारखी दिसणारी आणली,
दांडा तेवढाच लांब.
माग बंद करून आलेली माणसं, कानात अजून खटखट,
मान खाली घालून जेवली.
फक्त दुंडाप्पानं वाटी कलंडवून तळ बघितला
आणि काही न बोलता पाणी प्याला.
त्या रात्री मला आमटी गिळेना.

भाकरीचं जास्त लागतं.
हाताला माप कुणी शिकवलं नव्हतं,
तीस वर्षं गोळा आपसूक तेवढाच यायचा.
आता तोच हात चिमूटभर पीठ
परातीत मागं ठेवतो,
मी न सांगता.

गेल्या सोमवारी बोलले शेवटी. नव्वद.
"कडिमी माड्री, अक्का," निंगाप्पा म्हणाला.
"परवडत नाही ओ मावशे," परशराम म्हणाला.
चौकात हेच दोघे भांडतात,
पाटीवर कुणाची अक्षरं मोठी यावरून.
मजुरी मीटरवर, आणि मीटर काही लांबत नाही,
हे त्यांनी सांगायला नको होतं,
माझा दीरही मागावरच गेला.
मी निळ्या सिलिंडरवर थाप मारली.
रिकामा होता. वाजला.
तेवढंच माझं उत्तर.

"एकच आकडा ना? अडीचशे," भरमा वरून म्हणतो.
"गेल्या खेपेला दीडशे होते की रे!"
"रंग वाढला. टर्पेंटाईन वाढलं. पोरीची शाळेची व्हॅन वाढली."
मी मनात ताटं मोजली:
वाढलेले दहा-दहा धरून पंचवीस माणसं जेवतील
तेव्हा कुठं पाटी फिटेल.
"तवर परत वाढलं तर?"
तो हसला नाही.

"असं कर, भरमा. तिथं काळा चौकोन काढून दे,
शाळेतल्या फळ्यासारखा.
आकडा मी खडूनं लिहीन."
ब्रश हवेतच राहिला.
स्टुलावरून त्यानं गल्ली बघितली:
चहाची टपरी, सलून, गिरणी,
सगळीकडे त्याच्याच हातचे आकडे.
"सगळ्यांनी असं केलं तर, अक्का..."
पुढचं न बोलता
त्यानं काळा डबा उघडला.

दोन वाजता चौकोन वाळला.
भरमा आत येऊन बसला, नखांत काळं.
मी फळीवरची जुनी पळी काढली,
उलटी पडली होती, धूळ धरून. विसळली.
वाटी काठोकाठ भरली तशी त्यानं वर बघितलं,
मी भाकरीकडे वळले.
जेवून त्यानं ऐंशी ठेवले. मी मोजले नाहीत.

बाहेर चौकोन कोराच.
नातवाला म्हटलं, जा रे,
खडूची पेटी केवढ्याला झाली
बघून ये.